पगाराचा दिवस: आपापले अनुभव लिहा

धाकट्या भावाचा गेल्या महिन्याचा पगार या महिन्याच्या १९ तारखेला झाला. तोवर घरभाडं, दूध, बहिणीची फी मी भागवली. मालक म्हणे, पार्टीचं पेमेंट अडकलंय. हजाराच्या आत कामगार असतील तर महिना संपल्यावर सात दिवसांत पगार द्यायचा, हे १९३६ च्या कायद्यापासून ठरलेलं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात कामाला असणाऱ्यांनी लिहा. कंपनीचं, मालकाचं नाव घालू नका, नोकरी टिकली पाहिजे. पण हिशेब कसा होतो, काय कापतात, कसं बोलतात, ते सविस्तर येऊ द्या.

उद्यमबागेतून

फाउंड्रीत फेटलिंगला आहे, अकरा वर्षं झाली. कास्टिंग वाळूतून निघालं की त्याच्या कडा ग्राइंडरनं घासायच्या. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं निघतं. मास्क देतात तो कापडी, सिलिकाची बारीक धूळ त्यातनं सरळ आत जाते. बाहेरचं कोण तपासणीला येणार असलं की कपाटातले चांगले मास्क निघतात, आणि संध्याकाळी मोजून परत घेतात.

मी कंत्राटदाराच्या हजेरीवर. बारा तास भरले तरी वरचे चार तास साध्याच दरानं. ओव्हरटाइमला दुप्पट दर १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनच ठरलेला, म्हणून एकदा विचारलं. पुढचे आठ दिवस मला ओटीच (ओव्हरटाइमच) दिली नाही. घरचा आठवड्याचा बाजार त्या ओटीवर चालतो, गप्प बसलो. पगाराची स्लिप मागितली की 'नाळे बा', म्हणजे उद्या ये. तसं सांगणारा गेटवरचा कन्नड माणूस, त्याच्यावर माझा राग नाही, त्याचा पगारही माझ्याबरोबरच रखडतो. मोबाइलवर पीएफचं पासबुक बघायला त्यानंच शिकवलं. पगारातनं १२ टक्के दर महिन्याला कापलेले, आणि खात्यात सात महिने एक रुपया भरलेला नव्हता.

वरच्या पीएफबद्दल

आमच्याकडेही असंच झालं होतं. पासबुकाचे फोटो काढून नऊ जणांनी एकाच दिवशी तक्रार केली. एकट्यानं केली असती तर त्याला घरी बसवला असता. चार महिन्यांनी पैसे भरले. तुम्ही किती जण आहात तेवढं आधी बघा.

खडेबाजार

साड्यांच्या दुकानात आहे. सकाळी दहा ते रात्री साडेनऊ, उभ्यानं. स्टूल आहे, ते गिऱ्हाइकाला. बायकांसाठी संडास नाही, ओळखीच्या घरी जायचं तर मागच्या गल्लीपर्यंत चालावं लागतं आणि तेवढा वेळ कुणी सोडत नाही. म्हणून दुपारनंतर मी पाणीच पीत नाही. दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला, ते दिवसही खाडे धरले. खानापूरची बस दहा मिनिटं उशिरा आली तर अर्धा दिवस जातो. लग्नसराईत रात्री साडेदहापर्यंत घड्या घालत बसतो त्याचं काही मिळत नाही.

मालक गिऱ्हाइकासमोर 'ए' म्हणून हाक मारतात. माझा मोठा मुलगा बारावीला आहे. पगार पुढच्या वर्षी वाढवा, पण नावानं हाक मारा, एवढं एकदा तोंडावर आलं होतं. बोलले नाही.

निपाणी

आमची आई अजून विड्या वळते. ठेकेदाराचा माणूस हजार विड्यांच्या हिशेबानं पानं तोलून देतो. पानं भोकाची, करपलेली निघाली की विड्या कमी भरतात. ती तूट आईनं पदरचं पान विकत आणून भरायची. मग माल नेऊन दिला की छाट. तो जुडी उलगडतो, 'तोंड नीट नाही' म्हणत मूठभर विड्या बाजूला टाकतो. त्यांची मजुरी नाही, आणि छाटलेल्या विड्या आईला परतही देत नाही. मग त्या जातात कुठं? लहानपणी मी आईशेजारी बसून विड्यांची तोंडं मुडपायचे, हा प्रश्न मी तेव्हापासून विचारते आहे. निपाणीचं नाव निघालं की १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन लोकांना आठवतं, आणि आठवायलाच हवं. त्याच गावात घरोघरी सुपं मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांचं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिलं.

खासगी शाळेत शिकवते

बँकेत पूर्ण पगार जमा होतो. दोन दिवसांत ठरलेली रक्कम रोख काढून ऑफिसात परत द्यायची. एवढंच लिहिते.

वडगाव

मागावर आहे. लाइट गेली की मजुरी गेली. बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, जोडायला अख्खा दिवस जातो, त्याचा पैसा नाही, कारण साडी निघाली तरच मजुरी.

मच्छे

बाबा एका कारखान्यात २२ वर्षं होते. सोडताना एक कन्नड कागद पुढं ठेवला. बाबा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, विश्वासानं सही केली. मी मित्राकडून वाचून घेतला तेव्हा कळलं, 'सर्व हिशेब मिळाला, काही येणं नाही' असं लिहिलेलं. हातात दिले ४० हजार. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२ हजार होते. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांप्रमाणे सोडताना मिळायची रक्कम, तिचा हिशेब: १२ हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले २२ वर्षं. दीड लाखाच्या वर जातं.

कामगार खात्यात अर्ज केला. कारखान्यानं सांगितलं, हे मधली नऊ वर्षं आमच्याकडे नव्हतेच. बाबांनी घरी येऊन माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात दर महिन्याचं हजेरी कार्ड, सुतळीनं वर्षावर्षाचं बांधलेलं. काही कार्डांवर तेलाचे डाग आहेत, शिक्के दिसतात. काल रात्री आम्ही दोघांनी बसून मोजली. तीन महिन्यांची सापडत नाहीत, बाकी सगळी आहेत. सोमवारी तारीख आहे.