नाशिकला द्राक्षबागेतली सोलरवरची केबिन: मामांना घेऊन जावं का?

निपाणीची सूनबाई
नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या अंगाला, वाइनच्या द्राक्षबागेत एक छोटी लाकडी केबिन दोन रात्रींसाठी बघून ठेवलीय. लाइटची लाइनच नाही, सगळं सोलरवर. एसी नाही, फ्रिज नाही, मोबाइलला रेंज जेमतेम. एक पलंग खाली, एक माळ्यावर, चढायला शिडी. मी, आमचे हे आणि मामा, म्हणजे माझे सासरे, जाणार.

सासूबाई गेल्यापासून मामा निपाणीच्या बाहेर पडलेले नाहीत. जन्मभर तंबाखू केली. माळकरी माणूस, वाइनशी काही देणंघेणं नाही. पण द्राक्षाचं नाव निघालं तेव्हा स्वतःहून म्हणाले, "बाग बघायला येतो." त्यामुळं हे मला जमवायचंच आहे. त्यांना रोज इन्सुलिन लागतं. फ्रिजशिवाय चालेल का? सोलर रात्रभर पुरतं का? फेब्रुवारीत जावं की मुलांच्या सुट्टीत मे महिन्यात, मुलांनाही घेऊन?

अथणीचा बागायतदार
ताई, फेब्रुवारीतच जावा. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, मे महिन्यात बागेत नुसती कोवळी फूट असते, घड एकही नाही. पावसाळ्यात बाग हिरवीगार दिसते, पण फळ नसतंच. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कोंबाचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते लावणाऱ्यानं त्या दिवसांत दारूचा थेंबही घ्यायचा नसतो. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, माणूस आडवा पडतो. आम्ही मजुरांना दरवर्षी बजावून सांगतो. त्या दिवसांत पाहुण्यांनी बागेत शिरूच नये.

जानेवारी ते मार्च वाइनच्या द्राक्षांची काढणी. मामा शेतकरी आहेत, त्यांना फरक लगेच कळेल. आमच्या अथणी-तिकोटा भागात जास्त करून बेदाण्याचा माल, बिनबियांचा. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, आत बी, घड गच्च. खायच्या द्राक्षाचा मणी लांबवायला आम्ही घड जीएत, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात, बुडवतो, वाइनच्या द्राक्षाला ते लागत नाही. वेलही मांडवावर नाही, उभ्या तारांवर असतो, त्यामुळं वयस्कर माणसाला ओळीतनं न वाकता चालता येतं. शेवटची फवारणी कधी झाली ते मालकाला विचारा आणि मगच मामांना एक मणी फोडून बी चावायला सांगा. बी तपकिरी आणि कुरकुरीत लागली की माल काढायला आला. हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

टिळकवाडी
आईचं इन्सुलिन मीच सांभाळते, म्हणून लिहिते. चालू असलेलं पेन फ्रिजमध्ये ठेवावंच लागत नाही. बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर ३० अंशांच्या आत २८ दिवस चालतं. तुमच्याचं वेष्टन बघा, डॉक्टरांनाही विचारून घ्या. जादाचं न उघडलेलं पेन डब्यात घालून तो डबा लहान कोऱ्या मडक्यात, आणि ते मडकं ओल्या वाळूच्या परातीत सावलीत ठेवा. फेब्रुवारीची हवा कोरडी, मडकं छान गार राहतं. बर्फाला मात्र टेकवू नका, गोठलं की वाया. गाडीत डॅशबोर्डवरही नको.

विजेचं मालकाला सरळ विचारा: बॅटरी किती अँपिअर-तासाची? १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर, घरच्या इन्व्हर्टरला असते तसली, असेल तर १,८०० वॅट-तास, त्यातली निम्मीच वापरायची. ३० वॅटचा पंखा दहा तास म्हणजे ३००. दिवे आणि मोबाइल धरून ५०० च्या आत बसतं. इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. ती १,५०० वॅट ओढते, छोटा इन्व्हर्टर लगेच बंद पडतो. चहा गॅसवर.

आणि मामांना खालचाच पलंग द्या. रात्री उठून शिडी उतरणं त्यांच्या वयात नको. टॉर्च उशाशी ठेवा. तिथं रात्री गारठा पडतो, पातळ चादरीवर भागणार नाही.

खानापूरकर
वहिनी, गाडीनं पाचशेच्या आसपास किलोमीटर, त्यात चाकणची गर्दी. मामांना एवढं बसवू नका. निपाणीला रेल्वे नाही, पण मिरजेला या आणि गोवा एक्सप्रेस धरा. ती पुणे-दौंड करून मनमाडला जाते. तिथून नाशिक रोडला गाड्या बऱ्याच. खालचा बर्थ मागून घ्या.

निपाणीची सूनबाई
फेब्रुवारी ठरलं. मुलांची शाळा आहे, ती जाऊबाईंकडं राहतील. मालकांना बॅटरीचं आणि फवारणीचं आजच विचारते. टिळकवाडीच्या ताई, मडक्याचं वाचून दाखवलं तर मामा लगेच म्हणाले, मडकं मी आणतो. अथणीचे दादा, काढणी बघायची तर किती वाजता उठवू त्यांना?

अथणीचा बागायतदार
उजाडायच्या आधी. माल गार असतानाच तोडतात, ऊन चढलं की काम थांबतं. क्रेट भरणाऱ्यांच्या वाटेत तेवढं उभं राहू नका, आणि मामांना हातात कात्री मिळते का बघा.