मदत हवी आहे: शाळेसमोरचा प्लॉट वाणिज्य वापरात, हरकत कशी द्यायची?

सांगली, विश्रामबाग. आमच्या गल्लीत शाळेसमोरचा रहिवासी पट्ट्यातला प्लॉट वाणिज्य करायची नोटीस पेपरात आलीय. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायदा १९६६, कलम ३७, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात किरकोळ बदल. हरकतीला एक महिना, त्यातले १२ दिवस गेले. फूटपाथ नाहीच. पोरं गटारावरच्या फरशांवरून चालतात, त्यातली एक उचकटलेली. साडेबाराला शाळा सुटली की रिक्षा, व्हॅन, दुचाक्या सगळं एकदम.

वाहतूक शाखेला अर्ज दिलाय (पोच आहे), पालकांच्या ६० सह्या झाल्यात. वकील परवडणार नाही. दुकानांना विरोध नाही, वडापाव आम्हीही खातो. फक्त मालाचे टेम्पो शाळेच्या वेळेत नकोत आणि गतिरोधक आधी हवा.

अशी अट घालून हरकत देता येते का? आणि सह्यांचा एकच अर्ज पुरतो, की प्रत्येकानं वेगळी दिलेली बरी?