मोबाइलचे पान हेच मूळ पान

संकेतस्थळाचा सविस्तर मजकूर संगणकावरील पानावर ठेवावा आणि मोबाइलसाठी त्याची काटछाट केलेली आवृत्ती पुरे, या आपल्या मताशी मी सहमत होऊ शकत नाही. गूगलने २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर नीट वाचता येणाऱ्या पानांना मोबाइलवरील शोधात झुकते माप देण्यास सुरुवात केली आणि मार्च २०१८ पासून तर शोधासाठी पानाची मोबाइलची आवृत्तीच प्रमाण मानण्याचे धोरण टप्प्याटप्प्याने अमलात आणले. म्हणजेच जो मजकूर तिथे नाही, तो शोधयंत्राच्या लेखी जवळजवळ नाहीच.

माझ्या मावसभावाच्या गोव्यातील फोंड्याजवळील कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. त्याच्या मोबाइलच्या पानावर केवळ मोठमोठी छायाचित्रे आणि फोन क्रमांक होता. दर, जेवणाची सोय, बसथांब्यापासूनची वाट हे सारे फक्त संगणकावर दिसे. पोफळींच्या गर्दीत, जिथे सिग्नलची एखादी रेघ कशीबशी टिकते, तिथे पहिलेच छायाचित्र वरून खाली पट्टीपट्टीने उमटताना मी पाहिले आहे. आम्ही सर्व मजकूर मोबाइलवर आणला आणि छायाचित्रे हलकी केली.

गोव्यापुरती आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. येथे येणारा माणूस कधी ‘पणजी’ शोधतो, कधी ‘पंजिम’. कधी ‘मडगाव’, तर कधी ‘मारगाव’. ही दोन्ही रूपे वाक्यांत सहजपणे यावीत. पानाच्या तळाशी नावांची रास ओतू नये.