बुरशी, किण्व आणि विष 'बाधणे'

प्रश्न : एका लेखाचं भाषांतर करते आहे. 'बुरशीच्या जनुकांतून जंतुविषांचा अभ्यास व नवी औषधे' असं शीर्षक दिलं, तर वाचणाऱ्या दोघांनीही विचारलं, "पेनिसिलिनसारखं बुरशीपासून औषध का?" लेखात तर यीस्टच्या पेशीतच जंतूंचं विष तयार करवलं आहे. शब्द कुठे चुकतोय?

उत्तर : 'बुरशी'त. बुरशी म्हणजे ओल्या जागी धरते ती डोळ्यांना दिसणारी लव. एकपेशीय यीस्टला तो शब्द शोभत नाही. 'कवक' संपूर्ण वर्गासाठी रुळला आहे, संस्कृतात मात्र तो भूछत्राचा वाचक. यीस्टसाठी मी 'किण्व' घेईन. सुरा आंबवायला घालायच्या द्रव्याचं ते जुनं नाव, आणि 'किण्वन' आपण वापरतोच.

दुसरं उत्तर : 'किण्व' पटलं, पण 'जनुकांतून'मधला प्रत्ययही फसवतो. इथे किण्व औषध देत नाही, ते रुग्णाच्या जागी आहे. घटसर्पाचं विष बाहेरून घातलं तर किण्वाला बाधत नाही, कारण विषाला आत घेणारा ग्राही त्याच्यापाशी नाही. म्हणून विषाचं जनुकच पेशीत घालतात आणि ते गॅलॅक्टोज ही साखर मिळाल्यावरच जागं होईल अशी तजवीज करतात. मग ग्लुकोजवर पेशी वाढतात, गॅलॅक्टोजवर मरतात. त्यातून काही उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेल्या पेशी, तगतात, आणि खरी माहिती तेच देतात. प्रथिनं बांधणाऱ्या एका घटकावर डिफ्थामाइड नावाचा बदललेला अवशेष, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा, असतो. विष नेमकं तिथेच घाव घालतं. तगलेल्यांपैकी कित्येकांत तो बदलच घडलेला नसतो. किण्वाची सुमारे ६००० जनुकं १९९६ पासून माहीत असल्यामुळे बिघाड कुठे आहे ते शोधता येतं.

प्रश्नकर्ती : त्या उत्परिवर्तींना मी 'विषरोधी' म्हटलंय.

दुसरं उत्तर : नको. ते काही रोखत नाहीत. विष पेशीत असतंच, फक्त भिनायला जागा नसते. 'विष न बाधणारे वाण' लिहा. चढणे, भिनणे, बाधणे, उतरणे अशी क्रियापदं आपल्याकडे असताना 'रोधी' कशाला?

प्रश्नकर्ती : आणि लेखात औषध म्हणून तपासलेल्या ज्या रसायनामुळे विषाचं जनुक असलेल्या पेशी गॅलॅक्टोजवरही जगतात, ते 'प्रतिविष' का?

पहिलं उत्तर : 'प्रतिविष' घटसर्पाच्या बाबतीत १८९० पासूनच्या रक्तद्रवातल्या प्रतिपिंडांसाठी ठरलेलं आहे. विषाचं काम आतच थोपवणारा लहान रेणू वेगळा. त्याला 'उतारा' म्हणा. अजून चाचण्या बाकी असतील तर 'संभाव्य उतारा'.