सर्व्हिसनाऊची तिकिटे इलॅस्टिकसर्चमध्ये आणताना परवानग्यांबाबत मदत हवी आहे

कार्यालयाच्या अंतर्गत सर्चमध्ये सर्व्हिस डेस्कची तिकिटे आणि नॉलेज लेख दिसावेत, यासाठी आम्ही इलॅस्टिकचा सर्व्हिसनाऊ कनेक्टर (सर्व्हिसनाऊ या सर्व्हिस डेस्क प्रणालीतील माहिती इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेत आणणारा प्रोग्रॅम) स्वतःच्या सर्व्हरवर डॉकर कंटेनरमध्ये चालवत आहोत. फुल सिंक (सर्व माहितीची पूर्ण आयात) व्यवस्थित पूर्ण होतो; १० एमबीपेक्षा मोठ्या फाइलींचा मजकूर त्यात येत नाही, पण त्याची आम्हाला गरजही नाही.

खरा पेच परवानग्यांचा आहे. पगाराच्या प्रणालीबाबतच्या इन्सिडंटमधील (बिघाडाच्या तिकिटातील) तपशील शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला दिसून चालणार नाहीत, म्हणून डॉक्युमेंट लेव्हल सिक्युरिटी (प्रत्येक दस्तऐवज कोणाला दिसावा यावरचे नियंत्रण) सुरू करून वापरकर्त्यांच्या परवानग्या आणणारा अ‍ॅक्सेस कंट्रोल सिंकही चालवला. प्रत्येक दस्तऐवजात तो कोणाला पाहता येईल हे सांगणारे ‘_allow_access_control’ हे फील्ड भरलेले आहे आणि वापरकर्त्यांच्या परवानग्यांची छुपी इंडेक्सही (इलॅस्टिकसर्चमधील माहितीचा साठा) तयार झाली आहे. तरीही सर्वांना सर्व काही दिसते, कारण आमचे सर्चचे पान एकाच सामाईक एपीआय कीने (इलॅस्टिकसर्चमध्ये प्रवेश देणाऱ्या गुप्त संकेताने) शोध घेते. निकाल ब्राउझरमध्ये गाळणे अर्थातच सुरक्षित नाही.

लॉगिन एसएसओने (कार्यालयाच्या एकाच सामाईक लॉगिनने) होते. त्या वेळी छुप्या इंडेक्समधील त्या व्यक्तीची क्वेरी (तिला कोणते दस्तऐवज दिसावेत हे ठरवणारी अट) घेऊन प्रत्येकासाठी अल्पमुदतीची की तयार करणे हाच मार्ग असेल, तर मुदत संपण्याआधीच एखाद्याचा गट बदलल्यास जुनी की आपण कशी अद्ययावत किंवा रद्द करता?