वेब अवकाश दुर्बीण असताना विमानातली दुर्बीण कशाला हवी होती?

पुसदकर: सोफिया, म्हणजे नासाची विमानात बसवलेली अवरक्त दुर्बीण, २०२२ मध्ये बंद केली ते बरंच झालं. वर्षाला सुमारे साडेआठ कोटी डॉलर त्या बोइंगवर! दूर-अवरक्ताचं (लांब तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाचं) काम ३.५ मीटर आरशाच्या हर्शेल अवकाश दुर्बिणीने केलं, पुढचं वेब करते आहे.

आर्वीकर: हे वाचून गप्प बसवत नाही. वेबची नजर २८ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास संपते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तारे जन्मतात त्या ढगांतली थंड धूळ उजळते ५० ते २०० मायक्रॉनला, आयनित (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) कार्बनची वर्णरेषा १५८ ला. हर्शेलला थंड ठेवणारं हेलियम एप्रिल २०१३ मध्येच संपलं. मृगातल्या तेजोमेघाभोवतीचं कवच ताऱ्याच्या वाऱ्याने सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने फुगतंय, हे २०१९ मध्ये कळलं ते सोफियाच्या ग्रेट उपकरणाने ती रेषा मोजली म्हणून.

मेळघाटी: विमान काहून पाहिजे? चिखलदऱ्याले लावा ना दुर्बीण! ११०० मीटर उंची, अंधारं आकाश. सारं पुण्या-मुंबईले, आमच्या वाट्याले अनुशेष!

आर्वीकर: अनुशेष खरा आहे, पण इथं आड येतं हवेतलं बाष्प, ते हा प्रकाश शोषून घेतं. हवाईतल्या ४२०० मीटरच्या मौना केआ शिखरावरूनही ३० ते ३०० मायक्रॉन जवळपास बंदच असतं. सोफिया १२ ते १४ किलोमीटरवर उडायची. ९९ टक्क्यांहून जास्त बाष्प खाली राहायचं.

मेळघाटी: मंग २.२ मायक्रॉनचा के पट्टा, म्हणजे जवळचा अवरक्त, घ्या. धुळीआडचे नवे तारे त्यात दिसतेच.

पुसदकर: दिसतात. पण मे महिन्यात रात्रीही आरसा गरम. डिटेक्टर द्रव नायट्रोजनने ७७ केल्विनला (उणे १९६ अंश सेल्सिअसला) नेला तरी आरशाची उष्णता फ्रेममध्ये उतरणारच. एक्स्पोजर काही सेकंदांचं, दरवेळी दुर्बीण थोडी सरकवायची, फ्रेमांचा मध्यक काढून आकाशाचा स्वतःचा उजेड वजा करायचा. पावसाळ्यात घुमट बंद.

मेळघाटी: हिवाळ्यात तं जमते! मृगही तेव्हाच वर असते. मंग नाही काहून म्हणता?

पुसदकर: नाही कुठे म्हटलं? नीट वाचा तरी! आणि आर्वीकर, विमानातही हीच रड होती. दुय्यम आरसा हलवून वजा करायला शेजारचं कोरं आकाश घ्यायचे. मोठ्या तेजोमेघात तिथंही धूळच, मग नकाशात खोटे खड्डे.

आर्वीकर: म्हणून तर सोफियाच्या हॉक-प्लस कॅमेऱ्याने आरसा न हलवता अख्खी दुर्बीण सरकवत नकाशे घेतले. अर्धीच गोष्ट सांगू नका.

पुसदकर: त्यातही पसरट उजेड गळतोच. १५८ मायक्रॉनचं मान्य करतो, खर्चाचं नाही.

मेळघाटी: माझ्या के पट्ट्याचं सांगा. हिवाळ्यात चिखलदऱ्याले बाष्प किती असते, कोणी मोजलं काय?