ताडपत्रीखाली मका तापला, कणसांवर हिरवी भुकटी आलीये, घरी खायला ठेवू का नको?

तापीकाठ_शिरपूर
राम राम मंडळी. घाईत आहे म्हणून सरळ विचारतो. अडीच एकर खरीप मका, कणसं तोडून खळ्यात ढीग घातला आणि त्याच रात्री परतीचा पाऊस आला, म्हणून ताडपत्री टाकली. पाऊस तीन दिवस थांबून थांबून चालू होता त्यामुळे मी ती काढलीच नाही, वाटलं झाकलंय म्हणजे माल वाचला. चौथ्या दिवशी ऊन निघालं, ताडपत्री उचलली तर आतून गरम वाफ अंगावर आली, ताडपत्रीच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकत होतं आणि ढिगाच्या मधात हात घातला तर हात ठेववेना इतका गरम. काही कणसांच्या शेंड्याला पोपटी-हिरवट भुकटी आहे, फुंकर मारली की उडते, लष्करी अळीने जिथे कुरतडलं होतं तिथे जास्त. व्यापाऱ्याने चार दाणे दाताखाली धरले आणि भाव पाडूनच बोलला.
आता घरात दोन मतं झालीत. आई म्हणते धुऊन पुसून वाळवू आणि भाकरीपुरता ५ क्विंटल ठेवू, आमच्याकडे थंडीत मक्याची भाकरी लागतेच. बायको म्हणते खराब वेगळा काढून गाईला घालू, वाया कशाला जाऊ द्यायचा. मला धास्ती वाटते, मुलगी ४ वर्षांची आहे, तीच भाकरी खाणार आणि त्याच गाईचं दूध पिणार. जाणकारांनी सांगा.

अनेरकाठ
भाऊ एवढं घाबरू नका. चांगलं कडक ऊन दाखवा चार दिवस, बुरशी मरून जाते. आमच्या घरी वर्षानुवर्षं असाच मका खाल्लाय, भाकरी तव्यावर भाजली की काय राहतंय त्यात. फक्त वास येत असेल तर नका ठेवू.

नवापूरकर_खाद्य
अनेरकाठ भाऊ, तुमचा अनुभव नाकारत नाही पण हे नका सांगू कुणाला, हात जोडून सांगतो. मी १२ वर्षं कोंबडीखाद्याच्या कारखान्यात आलेल्या मक्याची तपासणी करतो. उन्हाने बुरशी मरते किंवा थांबते हे खरं, पण बुरशीने दाण्यात जे विष सोडलेलं असतं ते उन्हाने जात नाही, धुऊन जात नाही, भाकरी भाजूनही जात नाही. अफ्लाटॉक्सिन म्हणतात त्याला, ते मोडायला अडीचशे अंशाच्या आसपास उष्णता लागते आणि भाकरीच्या पोटात शंभराच्या वर फारसं तापतच नाही कारण आत पाणी असतं. पोपटी-हिरवी भुकटी म्हणजे बहुतेक ॲस्परजिलस फ्लेवस, हेच विष करणारी जात. प्रत्येक हिरव्या बुरशीत विष असतंच असं नाही, पण डोळ्याने ते ओळखता येत नाही आणि वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही असू शकतं, म्हणून वास आला तर नका ठेवू हा नियम चालत नाही.
हे काही पुस्तकातलं भ्या नाही. १९७४ साली आपल्या शेजारच्याच आदिवासी पट्ट्यात, गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा, तिथे काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला, मका भिजला, लोकांनी तोच साठवला आणि तोच खाल्ला कारण घरात दुसरं काही नव्हतं. सुरुवातीला कावीळ समजले. जवळपास ४०० लोक आजारी पडले आणि शंभरावर गेले, त्यांचं उष्टं खाणारी कुत्रीपण मेली. केनियात २००४ ला पुन्हा मक्यानेच सव्वाशे माणसं गेली. आणि हे झटक्यात मरणाऱ्यांचं, थोडं थोडं रोज पोटात गेलं तर यकृताचा कॅन्सर होतो, कावीळ-बी म्हणजे हिपॅटायटिस-बी असलेल्या माणसाला तर कितीतरी पट धोका. लहान लेकराची वाढही खुंटते असं दिसलंय.
आता काय करा ते. ढीग आजच मोडा, उद्यावर टाकू नका. कणसं धाब्यावर म्हणजे घराच्या सपाट छतावर किंवा सिमेंटच्या खळ्यावर एकेरी थरात पसरा, थेट मातीवर नको. निवड आताच कणसावर करा, दाणे काढल्यावर नाही, कारण विष सगळ्या मालात सारखं नसतं, थोड्या दाण्यांत खच्चून भरलेलं असतं आणि मळणीत ते सगळीकडे पसरतं. हिरवी, अळीने खाल्लेली, शेंडा काळपट झालेली, आणि ढिगाच्या मधली तापलेली कणसं, सगळी वेगळी. नाकाला ओला रुमाल बांधा, ती भुकटी छातीत जाणं चांगलं नाही. ओला मका मळणीत घालू नका, दाणे फुटतात आणि फुटलेल्या दाण्यात बुरशी लगेच शिरते. मळल्यावर पुन्हा चाळा, पाखडा, हलके सुरकुतलेले दाणे बाहेर. खायचं ठेवायचं असेल तर ओलावा १२-१३ टक्के पाहिजे.

गिरणामाई
ताईंचं, म्हणजे तुमच्या मंडळींचं मन समजतं, शेतकऱ्याच्या घरात दाणा टाकवत नाही. पण गाईला घालू नका हे मी कळकळीने सांगते. माझ्या घरी ६ गाई आहेत, सरकी पेंड एकदा ओलीतली आली होती, आत गुठळ्या आणि बुरशी, तरी मी चार दिवस घातली. गाईंनी चारा कमी केला, दूध उतरलं, आणि डेअरीत तपासणीत दूध परत आलं तेव्हा कुठे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गाईच्या पोटात गेलेल्या विषातला थोडा भाग, शेकडा एक-दोन किंवा जास्तही, रूप बदलून दुधात उतरतो आणि तो एका दिवसाच्या आत उतरायला लागतो. दूध उकळून तो जात नाही. चांगली गोष्ट एवढीच की खाणं बंद केल्यावर चार-पाच दिवसांत दूध स्वच्छ होतं. तुमची मुलगी ४ वर्षांची आहे, सगळ्यात जास्त दूध तीच पिणार ना. ज्याला माणूस खाऊ शकत नाही ते गाईला, हा हिशोब दुभत्या जनावराला लागू होत नाही.

तापीकाठ_शिरपूर
नवापूरकर भाऊ, ताई, फार उपकार. आज दिवसभर घरचे पाच जण कणसं निवडायला बसलो. आई आधी बोलत नव्हती, पंचमहालचं वाचून दाखवलं तर गप्प झाली, मग तीच सगळ्यात कडक निवडतेय, माझ्या हातातली दोन कणसं काढून फेकली तिने. दोन प्रश्न. ओलावा मोजायचं यंत्र नाही, अडत्याकडे आहे पण त्याचा आकडा त्याच्याच सोयीचा वाटतो. आणि वेगळी काढलेली कणसं ३ क्विंटल तरी निघतील, त्याचं काय करू? एक जण म्हणाला इथेनॉलवाले काहीही घेतात.

नवापूरकर_खाद्य
ओलाव्याचा घरगुती उपाय आहे. कोरडी काचेची बरणी घ्या, त्यात दोन-तीन चमचे तव्यावर सुकवलेलं बारीक मीठ, त्यावर बरणीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे दाणे, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. काचेला मीठ चिकटलं तर ओलावा १५ च्या वर, चिकटलं नाही तर खाली. पण १५ म्हणजे साठवणीला पुरेसा कोरडा नाही हे लक्षात ठेवा, मीठ चिकटायचं थांबल्यावर अजून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. ढिगातून चार-पाच ठिकाणचे दाणे घेऊन बघा, एकाच मुठीवर विसंबू नका.
वजनाचं मनाला लागू देऊ नका. २० टक्के ओला मका १३ वर आणला की क्विंटलमागे ८ किलो पाणीच उडतं, ते तुमचं नव्हतंच. हमीभावाच्या खरेदीतही १४ च्या वर ओलावा चालत नाही.
इथेनॉलचं सांगतो, दारू काढून झाल्यावर जो चोथा उरतो तो पशुखाद्यात जातो आणि स्टार्च निघून गेल्यामुळे त्यात विष साधारण तिप्पट दाट होतं. म्हणजे तुमची ३ क्विंटल कणसं फिरून कुणाच्या तरी गोठ्यातच येणार. मी तरी पुरा असंच म्हणेन, विहिरीपासून लांब खड्डा करून. चांगल्या मालात मिसळून विकू नका. मोठे कारखाने विष ओळखणाऱ्या तपासणी-पट्टीवर माल तपासतात, अख्खी गाडी परत जाते, आणि जिथे तपासत नाहीत तिथे कोंबड्या मरतात.

भडगावचा_आप्पा
पोरांनो मी जुना माणूस, थोडं साठवणीचं बोलतो. आपल्याकडे खरिपाची ज्वारी कणसात भिजली की काळी पडायची, ती आई बाजूला काढायची, आणि खायला दादरच ठेवायची. आता कळतं त्यात अर्थ होता. दादर म्हणजे रब्बीची ज्वारी, दाणा भरतो तेव्हा आभाळ कोरडं, म्हणून ती टिकते. काळी ज्वारीही निर्धोक समजू नका, १९९५ ला कर्नाटक-आंध्रात पावसात सापडलेली ज्वारी आणि मका खाऊन गावंच्या गावं पोटदुखी-जुलाबाने आजारी पडली होती, ते वेगळ्या बुरशीचं विष.
कणीसले पानी लागनं म्हंजे काम बिघडनं, हे आमच्या अहिराणीतलं बोलणं उगाच नाही. कोठीत भरताना दाणा गार होऊ द्या, दुपारचा तापलेला भरू नका, रात्री कोठीचा पत्रा गार पडला की आत दव धरतं. गोण्या भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली फळ्या टाका. आणि ताडपत्री टाकली तर सकाळी काढायचीच, पाऊस उघडला की तासभर का होईना वारा लागू द्या.

अनेरकाठ
मी चुकीचं लिहिलं होतं, माफ करा. आज घरच्या कोठीतला मका उपसून बघितला, तळाला दोन बोटं थर चिकटलेला होता. काढून टाकला. भुईमुगालापण हे असतं का? आमच्याकडे उन्हाळी भुईमूग आहे.

नवापूरकर_खाद्य
असतं, आणि भुईमुगात तर जमिनीतच लागतं. शेवटच्या महिन्यात पाण्याचा ताण पडला आणि शेंगेला भेग पडली की बुरशी आत. तेव्हा शेवटचं पाणी चुकवू नका, फुलोऱ्यात जिप्सम द्या म्हणजे टरफल भक्कम होतं, उपटताना फुटलेल्या शेंगा वेगळ्या ठेवा, आणि शेंग हलवल्यावर दाणा खुळखुळेपर्यंत वाळवा. ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास, मक्यापेक्षा बराच कमी. जळगावला तेलबिया संशोधन केंद्र आहे, बियाण्याचं तिथे विचारा.

तापीकाठ_शिरपूर
शेवटचं कळवतो. सहा दिवस धाब्यावर वाळवला, काल मिठाची बरणी केली, पाच ठिकाणचे दाणे घेतले, काच स्वच्छ. अजून तीन दिवस देतो. खराब कणसं बांधाकडेला चार फूट खड्ड्यात पुरली, वर माती दाबली. खायला मका यंदा ठेवत नाही, आईनेच सांगितलं, एक पोतं दादर शेजारच्या गावाहून आणणार आहे. गाईला सध्या कडबा आणि हिरवा चारा. पुढच्या वर्षी अळीची फवारणी वेळेवर करतो, आणि पाऊस दिसला तर कणसं ढिगाला लावायची नाहीत, घराच्या पडवीत दोरीवर टांगायची, बाबा टांगायचे तशी.